भिंतीवरची पहिली रेघ

१

"पाच फूट सात. चांगली उंच आहे. पुरेल बरीच वर्षं."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. धुण्याच्या मशीनमागे पडलेला मोजा काढायला मी गुडघ्यांवर बसले होते आणि पलीकडे स्वयंपाकघरात माझी सासू मार्ज आणि नणंद ब्रॉन वाटाणे सोलत होत्या. मी कोंबड्यांना दाणे घालायला गेलेय असा दोघींचा समज होता.

"रंग तिलाच निवडू दे हां आई," ब्रॉन म्हणाली. "तू मधे पडू नकोस."

"मी कशाला पडतेय? तिचा धंदाच तो. चांगला टिकाऊ आणेल बघ."

मग वाटाणे भांड्यात पडल्याचा आवाज. मग हसणं, पण हलक्या आवाजातलं.

मोजा हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. लग्नाला चार महिने झाले होते. सासरच्यांच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायची मुदत अजून संपलेली नव्हती, म्हणून मी लावला. ह्युऑन नदीच्या खोऱ्यात सफरचंदाची बाग असलेल्या घराला उंच सून मिळाली, तर शिडीचं एक काम वाचतं. पुरेल म्हणजे हात पुरेल. नीट ऐकलं तर वाक्यात 'हात' कुठेच नव्हता, पण मी फार नीट ऐकायचं नाही असं ठरवलं.

२

माझ्या सासरच्या, म्हणजे पायबसांच्या, स्वयंपाकघरात कोठीच्या दारापासून फ्रीजपर्यंतची भिंत काळी आहे. ती शाळेतल्या फळ्यासारखी आहे आणि तिच्यावर खडूने सगळं घर चालतं. लाकडं कोण फोडणार, संध्याकाळचं जेवण कोण करणार, दुधाच्या किती बाटल्या आणायच्या, सगळं तिथे लिहिलेलं असतं. दाराकडची हातभर रुंदीची पट्टी मात्र कुणी पुसत नाही. तिथे उंच्या आहेत. दर ईस्टरच्या रविवारी जेवणं झाली की घरातला प्रत्येक जण बूट काढून भिंतीला टेकतो, सासरा केव्ह डोक्यावर लाकडी पट्टी धरतो आणि रेघ ओढतो. रेघेशेजारी नाव आणि साल.

माझी रेघ लग्नाच्याच दिवशी ओढली होती. नोव्हेंबरात, पांढऱ्या झग्यात, हातात शॅम्पेनचा पेला. "ईस्टरपर्यंत कोण थांबतंय!" केव्ह ओरडला होता. सगळे हसले, मीही हसले. एकशे सत्तर सेंटिमीटर. माझा नवरा कॅलम शेजारी उभा राहिला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

मार्चमध्ये मार्जने विषय काढला. ती बोलत होती लाकडी स्टुलावरून. या घरात ते स्टूल मार्जसोबत फिरतं. ओट्याशी ते, गॅसशी ते, नळाशी तेच. मार्ज फार ठेंगणी आहे. मला वाटायचं, काही माणसं असतात ठेंगणी.

"इमोजेन राणी, भिंतीचे पापुद्रे सुटायला लागलेत बघ. ईस्टरच्या आत नवा हात मारशील का?"

"मारते की. काळाच हवा ना?"

"काळाच. आणि टिकाऊ. घासलं, धुतलं, काही केलं तरी जायला नको. आणि हे बघ, उग्र वासाचा नको. मागच्या खोलीत एडी आहे. तिची छाती एवढीशी." मार्जने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली, जशी चिमूटभर मिठासाठी दाखवतात.

एडी म्हणजे केव्हच्या थोरल्या भावाची विधवा. तो भाऊ इतका उंच होता की शवपेटी खास बनवून घ्यावी लागली, हे केव्ह दर दारूच्या बैठकीत अभिमानाने सांगतो. एडीला मी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिला माणसं सोसत नाहीत, असं मला सांगितलं होतं. तिचा ट्रे मार्ज नेत असे. ट्रेवर उकडलेलं अर्धं अंडं आणि मिठाच्या वाटीतला चिमुकला चमचा. म्हातारी माणसं कमी खातात.

३

लग्नाआधी पाच वर्षं मी किंग्स्टनच्या एका हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर होते. लिओनी अजून तिथेच आहे. मला बघताच तिने रंग ढवळायची काठी तलवारीसारखी उगारली.

"आली का जमीनदारीण! आता काय पाहिजे, सोन्याचा मुलामा?"

"फळ्याचा रंग. बिनवासाचा, टिकाऊ."

"कंटाळा आला का नवऱ्याचा? आता भिंतीवर गिरवत बसणार?"

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मला ते आवडतं, अजूनही. फळ्याचा स्वस्त रंग म्हणजे डांबरी वासाची वाफ, जी आठवडाभर डोक्यात बसते. दुसरा एक पुडीत येतो, दुधातल्या प्रथिनांपासून आणि चुन्यापासून बनवलेला. अगदी निरुपद्रवी, लहान मूल चाटलं तरी चालेल, पण ओल्या फडक्याला घाबरतो. तिसरा पाण्यावरचा, मातीच्या काळ्या रंगद्रव्याचा. विषारी वाफ जवळपास नाही आणि घासण्याच्या चाचणीत बाकीच्या दोघांना पुरून उरतो. महाग, पण मार्जनेच पैसे दिले होते.

"हाच," मी म्हणाले, आणि नेहमीसारखा वरच्या फळीवर हात टाकला.

बोटं फळीच्या कडेला लागली. डब्याला लागली नाहीत.

मी टाचा उचलल्या. नखं डब्याच्या तळाला लागली. त्या फळीवरून मी पाच वर्षं रोज डबे काढलेत, बोलता बोलता, मागे न बघता.

"फळी वर केलीत का तुम्ही?"

"या दुकानात झाडूसुद्धा कुणी हलवत नाही," लिओनी म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिच्या तोंडावरचं हसू जरा मागे सरलं. "बूट बदललेस का गं?"

मी हसत हसत टेपकडे बोट केलं. तिने हसत हसत मोजलं. मग परत मोजलं, न हसता.

"एकशे साडेपासष्ट. पोक काढतेस तू. सासरी सगळ्याच काढतात." तिने डबा काढून दिला आणि पावतीवर लिहिता लिहिता म्हणाली, "आणि तीन दिवस सुकू दे. मग खडू आडवा धरून अख्खी भिंत चोळ, कोरड्या फडक्याने पूस, आणि मगच लिही. नाहीतर..."

"नाहीतर पहिलं लिहिलेलं रंग पिऊन टाकतो, ते जन्मात जात नाही. मीच शिकवलंय तुला."

"आठवण करून दिली. सासरी माणूस विसरतो."

४

घर जुनं आहे, लाकडी फळ्यांचं, ठोकळ्यांवर उभं. ठोकळे खचले की जमीन कलते. स्वयंपाकघरात वाटाणा सोडला तर तो आपोआप फ्रीजखाली जातो. कललेल्या जमिनीवर राहून पाठ वाकते. थंडीने सांधे आखडतात. परतीच्या चाळीस मिनिटांत मी अशी सात कारणं जमवली, आणि सातही पटण्यासारखी होती. फक्त जीन्सचं कोडं राहिलं. ती जानेवारीपासून टाचेखाली येत होती. धुऊन आखूड झालेले कपडे मी पाहिलेत. धुऊन लांब झालेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बागेत गेल्यावर मी भिंत रिकामी करायला घेतली. उंच्यांच्या पट्टीवर बँकेचं कॅलेंडर टांगलेलं होतं, ते काढलं.

डावीकडे मुलांच्या रेघा होत्या. ब्रॉन, कॅलम, खालून वर, साल दर साल, जशा असतात तशा. मधे केव्ह. एकोणीसशे एकोणनव्वद, पाच नऊ. दोन हजार एक, पाच अकरा. दोन हजार चौदा, सहा एक. मी सालं दोनदा वाचली. केव्ह पासष्टचा आहे.

आणि कॅलेंडरमागे मार्ज होती. सगळ्यात वर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, माझ्या नाकासमोर. तिथून खाली एकेक रेघ, बोटभर अंतराने, छत्तीस ईस्टर, शेवटची माझ्या कोपराशी. मुलांच्या रेघा वर चढत होत्या आणि ही उतरत होती, जिना असल्यासारखी.

बैठकीच्या खोलीत त्यांच्या लग्नाचा फोटो आहे. मी जाऊन बघितला. फोटोत मार्जचं डोकं केव्हच्या कानापाशी आहे. ती कशावर उभी आहे का, हे झग्यामुळे दिसत नाही. मी फोटो बराच वेळ तिरका धरून बघितला, जणू तिरका केल्यावर झगा सरकेल.

मग मी बादली भरली आणि भिंत धुतली. काम हातात असलं की मला विचार कमी सुचतात. खडू गेला. ब्रॉन गेली, कॅलम गेला, केव्ह गेला, माझी नोव्हेंबरची रेघ एका पुसण्यात गेली. मार्जच्या पस्तीस रेघा गेल्या. सगळ्यात वरची, अठ्ठ्याऐंशीची, गेली नाही. मी घासली. पॉलिश पेपर मारला. काळ्या थराची पूड हातावर यायला लागली तरी रेघ जागेवरच. ती रंगाने प्यायली होती.

थर झिजल्यावर आतून हिरवट थर वर आला. जुन्या फळ्यांचा असायचा तसला. त्यावरही एकच रेघ होती, मार्जच्या रेघेपेक्षा दोन बोटं खाली. त्यापुढे 'एडी, १९७१'.

मागच्या खोलीच्या दारावर तेव्हाच आतून कुणीतरी टकटक केली. तीन वेळा. हलकी, नखाने केल्यासारखी.

मी वळले. दारावर टकटक होते ती खांद्याच्या उंचीवर होते. ही जमिनीपासून वीतभर उंचीवर झाली होती.

५

कॅलमला मी त्याच दुपारी बागेत गाठलं. तो क्रेटवर क्रेट रचत होता.

"तुझी उंची किती रे?"

"हा काय प्रश्न? का, लायसन्स काढतेस माझं?"

"सांग ना."

"तुला माहितीये. लग्नात मोजलीये." त्याने मला जवळ ओढलं आणि हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवली, बरोबर टाळूवर. नोव्हेंबरात नाचताना ती माझ्या भुवईला लागत होती. मला आठवतं, कारण त्याने दाढी नीट केली नव्हती आणि सगळ्या फोटोंत माझी भुवई लाल आलीये. "किती छान मावतेस तू आता," तो म्हणाला.

"आता?"

"नेहमीच गं. काय झालंय तुला?"

"तुझ्या आईच्या रेघा बघितल्या. कॅलेंडरमागच्या."

तो क्रेटकडे परत गेला. "वयानुसार बायका वाकतात, इम."

"एकोणनव्वद साली ती चोवीस वर्षांची होती."

"मग तिला विचार! मला कशाला विचारतेस?" एवढ्या मोठ्याने तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. लगेच हसला. "भिंत कधी होतेय? बाबा रोज विचारतात."

संध्याकाळी जेवायला येताना त्याने स्वयंपाकघराच्या चौकटीखाली मान वाकवली. अगदी सहज. या दारातून येताना तो कधी वाकायचा नाही. केव्ह वाकायचा.

कुणी म्हणेल, मग गाडी काढून निघून का नाही गेलीस? मीही मला म्हणाले. पण गाडीत बसून काय सांगणार होते? साडेचार सेंटिमीटर हरवले म्हणून सांगणार होते? आणि मला नवरा आवडत होता. ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे, म्हणून शेवटी लिहिते.

६

बुधवारी अस्तराचा हात झाला, गुरुवारी काळ्याचे दोन पातळ हात. स्पंजाचा रोलर, वरून खाली, एकदा ओलं केलं की परत मागे जायचं नाही. चांगला रंग होता. वास खरंच नव्हता, पावसानंतर मातीला येतो तेवढाच. पण एडीची आणि मार्जची रेघ त्याखाली कायमची गेली याचं मला समाधान वाटलं नाही. त्या खाली होत्या एवढंच.

मार्ज बघायला आली, पण दारातच थांबली.

"सुरेख. आता हात लावू नकोस कशाला."

"रविवारी सकाळी खडूने चोळून मुरवते, म्हणजे..."

"नाही हं." इतकं पटकन आलं की तिचं तिलाच जाणवलं. "ते चोळाचोळीचं आमच्यात नाही करत, राणी. कोऱ्या भिंतीवर पहिली रेघ. आणि पहिली नव्या सुनेची. मीही तशीच उभी राहिले होते."

"आणि एडी?"

मार्जने माझ्याकडे पाहिलं, खालून वर. रागाने नव्हे. त्या नजरेत हिशेब होता, आणि थकवाही. "तिने पण," ती म्हणाली. "आपण मजेत आहोत की. दोन वेळचं खातोय."

दुपारी ती अंडी द्यायला शेजारी गेली, आणि ट्रे ओट्यावर राहिला. मागच्या खोलीतून परत टकटक झाली. खालून.

मी ट्रे उचलला. अंडं अर्धं नव्हतं आता. पाव होतं, सफरचंदाच्या फोडीसारखं कापलेलं.

खोली स्वच्छ होती. पडदे ओढलेले. खिडकीशी आरामखुर्ची आणि तिच्यावर विणलेली रंगीत गोधडी. मला वाटलं खुर्ची रिकामी आहे. मग गोधडी एका कोपऱ्यात हलली, उशीखाली मांजर कूस बदलतं तशी.

"वास नाही आला," आवाज आला. क्षीण नव्हता तो. लांबचा होता, रिकाम्या डब्याच्या तळातून आल्यासारखा. "चांगला निवडलास गं. माझ्या वेळी डोळ्यांतून पाणी काढलं होतं रंगाने."

गोधडीच्या कडेवर एक हात आला. पाच बोटं होती, मी मोजली, कारण डोळ्यांना दुसरं काही करायला द्यायची माझी हिंमत नव्हती. नखं सफरचंदाच्या बीएवढी होती.

ट्रे मी जमिनीवर ठेवला. हे मी आपोआप केलं. खुर्चीशेजारी टेबल होतं, पण मला समजलं होतं की तिला जमीन बरी पडेल. बाहेर येऊन मी दार लावलं आणि ओट्यावरचे रोलर धुतले. दोनदा धुतले.

७

त्या तीन दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात आल्यावर कारणं जमवणं मी थांबवलं.

फ्रीज त्याच भिंतीला लागून आहे. शुक्रवारपासून दूध, लोणी, बीअर, सगळं बाहेर व्हरांड्यात बर्फपेटीत आलं होतं. केव्ह स्वयंपाकघरातून कोठीत जायचं सोडून अंगणातून वळसा घालून खिडकीतून डबे मागत होता. ब्रॉन टेबलाच्या पलीकडच्याच बाजूने ये-जा करायची, पाठ दुसऱ्या भिंतीला घासत. कॅलम तर दारातच बूट बांधत उभा राहायचा.

सुकलेल्या रंगाला हात लावला तर काही होत नाही. मी तो लावला होता, अंगावर सांडला होता, केसांत गेला होता. पण भिंतीजवळ उभं कुणीच राहत नव्हतं.

नोव्हेंबरातली माझी रेघ जुन्या, मुरलेल्या भिंतीवर होती. ती एका पुसण्यात गेली होती. ती म्हणजे भिंतीने नुसती चव बघितलेली असावी.

ईस्टरला मेंढीचं मांस, भाजलेला भोपळा, पुदिन्याची चटणी. केव्हने तीन वेळा घेतलं. बटाटे वाढताना मार्ज स्टुलावर चढली आणि पहिल्यांदाच मला दिसलं की त्या स्टुलाला दुसरी पायरी नवीन लावलेली आहे, ताज्या लाकडाची. आणि कोठीच्या दारामागे दुसरं स्टूल उभं होतं. त्याच्यावर अजून कुणी बसलेलं नव्हतं. वरून पॉलिश केलेलं.

"चला!" केव्हने हातावर हात मारले. उठताना त्याचं डोकं दिव्याच्या टोपीला लागलं आणि दिवा डोलायला लागला. "मानाची रेघ! इमोजेन, बूट काढ पोरी."

"आज घाबरली बघ," ब्रॉन म्हणाली. "दाताच्या डॉक्टरकडे आणल्यासारखं तोंड केलंय."

"मला पण झालं होतं तसंच," मार्ज म्हणाली. "जा राणी. पटकन होतं."

केव्हने पट्टी आणि नवा खडू टेबलावरून माझ्याकडे सरकवला. स्वतः आणून दिला नाही. टेबल त्या सगळ्यांच्या आणि भिंतीच्या मधे होतं, आणि भिंतीच्या बाजूला एकटी मी होते. डोलणाऱ्या दिव्याबरोबर सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर लांब व्हायच्या आणि परत यायच्या. माझी एकटीची तेवढीच राहत होती.

मागच्या खोलीतून टकटक झाली. कुणी तिकडे पाहिलं नाही.

मी कॅलमकडे पाहिलं. तो चौकटीत उभा होता, मान वाकवून, एक पाय बाहेर. त्याने डोळे चुकवले नाहीत. ते चुकवले असते तर कदाचित मी वाकून नाड्या सोडल्या असत्या. तो हसला. लग्नात हसला होता तसाच, मनापासून, एखादा आपली आवडती फोड ताटात येताना बघतो तसा.

मी खडू उचलला. पट्टी उचलली. टेबलाला वळसा घालून गेले आणि बाहेरचा पाय आत येईल एवढं कॅलमला दंडाला धरून आत ओढलं, मग दार लावून घेतलं. कडी वर होती. टाचा उचलाव्या लागल्या, पण पोहोचली.

चार महिन्यांत मी त्या घरात आवाज चढवून बोलले नव्हते. तेव्हाही चढवला नाही.

"कॅलम," मी म्हणाले, "बूट काढ. पहिली रेघ तुझी."